बहीण मयत

हिर्डोशी
भाऊबिजेनंतरचा रविवार, ऑक्टोबर १९६८

चिरंजीव ज्ञानूस,

मेलेल्या साळूआक्काचा जिवंत आशीर्वाद.

घाबरू नकोस, भूत होऊन लिहीत नाही. चांगली धडधाकट आहे. सकाळपासून भाताची कापणी करून आले, हातपाय धुतले आणि आता ओट्यावर बसून हे आंतरदेशीय लिहिते आहे. पण वेल्ह्याच्या कचेरीत मी मेलेली आहे, असं मला परवा नसरापूरच्या बाजारात कळलं. सांगणारी आपल्या आंबेघोळचीच, रखमाजीची बहीण सगुणा. तीही मेलेली आहे. आम्ही दोघी मेलेल्या बायका शेजारी शेजारी बसून बांगड्या भरत होतो आणि बिचाऱ्या कासाराला त्याचा पत्ता नव्हता.

सगुणा हसत हसत सांगत होती, मला काही हसू आलं नाही. धरणात गेलेल्या जमिनीच्या बदल्यात दौंडाकडे कॅनॉलची जमीन मिळते, ती घ्यायला म्हणे आता एक नवा कागद लागतो. प्रत्येक बहिणीची हक्कसोड. बहिणीनं स्वतः कचेरीत यायचं आणि साहेबासमोर सही नाहीतर अंगठा करायचा, की बापाच्या जमिनीवर माझा हक्क उरला नाही. तुझ्या दाजींनी भोरच्या वकिलाला विचारलं, तर ते खरं निघालं. कुठल्याशा जिल्ह्यातली एक बहीण कोर्टात गेली. भावाला सरकारनं दिलेल्या जमिनीत माझाही वाटा आहे म्हणाली आणि कोर्टानं तिचं ऐकलं. चांगलंच झालं की. पण सरकार घाबरलं. उद्या प्रत्येक बहीण उठली तर निस्तरायचं कुणी, म्हणून हुकूम काढला, बहिणींचे कागद आल्याशिवाय भावाला जमीन द्यायची नाही. एका बहिणीनं हक्क जिंकला आणि त्यापायी आपल्या खोऱ्यातल्या बहिणी पटापट मेल्या. कारण मेलेल्या बाईची सही लागत नाही. तलाठ्यासमोर ‘बहीण मयत’ म्हटलं की काम भागलं. मेलेल्यांची चौकशी करायला कोण जातंय.

सगुणा म्हणाली, “येका दुपारी चावडीत बसून समद्यांनी उरकलं. माझा रखमाजी तसा, तुझा ज्ञानू तसा. येगळं कोन करनार?”

मी रागावलेली नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण तुला वाटेल आक्का रागावली. राग कशाचा? मी फक्त म्हणते की निरोप धाडायचा होतास. लावणी टाकून आले असते. भोरपर्यंत चालत, तिथून नसरापूर, नसरापूरला एसटी बदलून वेल्हं. सही करून, तुझ्याबरोबर कचेरीच्या पायरीवर बसून भाकरी खाऊन परत आले असते. मला त्या जमिनीतलं ढेकूळसुद्धा नको होतं, हे तुला सांगायला लागावं का?

भाऊबिजेला पाट मांडून ठेवला होता. दिवेलागण झाली तरी तू आला नाहीस, तेव्हा वाटलं नव्या गावठाणातून इतक्या लांब यायला जमलं नसेल. आता कळलं. मेलेल्या बहिणीकडे जेवायला कोण येतं. सगुणानं त्या दिवशी चंद्राला ओवाळलं म्हणे, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. मला नाही ते करवलं. मी पाट उचलून उभा करून ठेवला आणि तुझ्यासाठी केलेल्या करंज्या पोरीला दिल्या.

भागा गेल्यापासून तू एकटा. बायको नाही, मूलबाळ नाही. तिकडं तुझी भाकरी कोण थापतं, ते तरी कळव. तुझा पत्ता माहीत नाही म्हणून रखमाजीच्या नावावर पत्र टाकते आहे, तो तुझ्याच आळीला असेल. तिथल्या मास्तरांकडून वाचून घे. लहानपणी शाळेतून पळून जायचास ना, म्हणून आता बहिणीचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं.

तुझी
साळूआक्का, मयत

हिर्डोशी
नागपंचमी, १९६९

ज्ञानू,

उत्तर नाही. बरं.

पंचमीला तुझी वाट पाहिली नाही असं लिहिणार होते, पण खोटं लिहायला मी काही तलाठी नाही. सगळ्या सासुरवाशिणींचे भाऊ आले. समोरच्या धोंडाबाईचा भाऊ तर कोकणातून वरंधा घाट चढून आला, गुडघाभर चिखलात. मी दारातच तांदूळ निवडत बसले होते. धोंडाबाईनं मला विचारलं, तुझा न्हाई का गं आला? मी म्हटलं, त्याला कॅनॉलचं पाणी असतं, उसाला पाणी द्यायची पाळी असेल. बघ, तुझ्यासाठी मी ऊससुद्धा लावला.

गेल्या महिन्यात सगुणाबरोबर वेल्ह्याला जाऊन आले. वरच्या खिंडीतून आंबेघोळ बघायचं होतं. बघायला काही नाही. पाणीच पाणी. देवळाजवळच्या उंबराचा शेंडा तेवढा वर होता, त्यावर बगळे बसले होते. आपलं घर कुठं असेल ते सगुणा बोटानं दाखवत होती, मी म्हटलं, नाही, आणखी डावीकडे. आम्ही दोघी पाण्यावरून भांडलो. मग दोघी पदर सावरून खिंड उतरलो.

तिथं शाळाही गेली. तुला आठवायची नाही. आई गेली तेव्हा तू रांगत होतास. मास्तर म्हणाले, पोर आणू नकोस, मग मी म्हटलं, पोर येणार नसेल तर मीही येणार नाही. म्हणून तुला काखेत घेऊन चौथीपर्यंत शिकले. तू माझ्या पाटीच्या फडक्यावर निजायचास आणि मास्तर ‘हळू बोला रे’ असं मुलांना सांगायचे. संस्थानातले कडक मास्तर, पण तुझ्यापुढं त्यांचं काही चाललं नाही.

आता एक गोष्ट सांगते, तिचा राग धरू नकोस. तुझे दाजी कोर्टाचं म्हणताहेत. वकील त्यांना म्हणाला, बाईला जिवंतपणी मयत दाखवलं आहे, हे सिद्ध करायला काय लागतं? बाईनं कोर्टात उभं राहायचं, बस. अर्धी जमीन बाईची. घरात महिनाभर तेच चाललं आहे. सासूबाई, दीर, सगळे एका बाजूला. मी म्हटलं, मी उभी राहिले तर माझा भाऊ खोटा ठरेल. खोटा ठरला तर सरकार त्याची सगळीच जमीन काढून घेईल. त्यापेक्षा मी मेलेली बरी. दाजींनी ताट सारलं आणि उठले. अजून धड बोलत नाहीत.

तेव्हा तू निर्धास्त राहा. मी कुठं सही करणार नाही, कुठं उभी राहणार नाही. कचेरीच्या हिशेबात मेले ते मेलेच. पण ज्ञानू, कचेरीत मेले म्हणून तुझ्याही हिशेबात मेले का रे? एकदा येऊन जा. जमिनीचं नाव काढणार नाही. तुला बघायचं आहे एवढंच.

आक्का

हिर्डोशी
मे १९७२

ज्ञानू,

पारूचं लग्न झालं. किकवीला दिली. मुलगा चांगला आहे, रस्त्याकडेला त्यांचं घर आहे, विहिरीला यंदा पाणी कमी आहे पण सगळीकडेच कमी आहे.

मी तुला पत्रिका पाठवली होती. रखमाजीच्या नावावरच, एक नाही, दोन. सगुणाच्या हाती निरोपही दिला, पण ती म्हणाली, माझं आणि रखमाजीचंच बोलणं नाही, मी कुणाच्या हाती देऊ?

पारूच्या मागं उभं राहायला मामा नव्हता. भटजींनी दोनदा विचारलं, मामा कुठं आहे मुलीचा? दाजींनी चुलत नात्यातला एक माणूस धरून आणला. तो तिच्या मागं उभा राहिला. मी मांडवाच्या खांबाला धरून होते. सगळ्यांना वाटलं मुलगी जाते म्हणून आई रडते. वाटू दे.

तुझ्यावर माया करून मला कंटाळा आला, असं लिहिलं तर तू येशील का? आता तेही लिहून पाहिलं.

पारूला पोचवून किकवीहून परत निघालो, तेव्हा एसटी यायला वेळ होता. सातारा रस्त्याच्या कामावरची माणसं कडेला खडी फोडत बसली होती, धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडकी बांधलेली. माझ्याकडे लग्नाची बुंदी उरली होती, ती मी वाटली. सगळे आले. एक माणूस पलीकडे पाठ करून बसला होता, तो काही उठला नाही. मी म्हटलं, अहो, लेकीच्या लग्नाची आहे, घ्या की. तो वळलाही नाही. मग शेजारच्याजवळ त्याचा वाटा दिला आणि म्हटलं, त्यांना दोन मुठी द्या, कष्टाची माणसं आहेत.

हे सगळं तुला का सांगते कुणास ठाऊक. लग्नघरातून आलं की बोलायला कुणीतरी लागतं.

आक्का

हिर्डोशी
संक्रांतीनंतर, जानेवारी १९७४

ज्ञानू,

मोठी पंचाईत झाली आहे. हे पत्र मिळाल्याबरोबर, असशील तिथून, उत्तर दे. बाकी काही लिहू नकोस, फक्त मी काय सांगू तेवढं लिही.

वेल्ह्याच्या कचेरीतून शिपाई आला होता. नोटीस घेऊन. हिर्डोशीपर्यंत चालत आला बिचारा, नवी सुरू झालेली एसटी सध्या बंद आहे. त्याला चहा दिला आणि विचारलं, काय भानगड आहे? तो म्हणाला, मुंबईच्या हायकोर्टानं सरकारला झापलं आहे. दुसऱ्या कुठल्या धरणातला एक माणूस, त्याला सात बहिणी. एक आसामात, एकीचा पत्ताच नाही. सगळ्यांच्या सह्या कुठून आणणार? जमीन मिळेना म्हणून तो भांडत भांडत वर गेला. तिथं न्यायाधीशांनी विचारलं, हा कागद मागा असं कायद्यात कुठं लिहिलं आहे ते दाखवा. सरकारला दाखवता आलं नाही. कायद्यात नव्हतंच ते. हुकमात होतं. न्यायाधीश म्हणाले, मग हुकूम रद्द. वारस कोण, बहिणी किती, ते बघायचं काम कचेरीचं आहे. साहेबांनी गावात जावं, माणसांना विचारावं, तोंडी जबाब घ्यावा. लोकांच्या गळ्यात कागद अडकवू नयेत.

म्हणजे तो कागद कधी लागतच नव्हता. मी हे शिपायाला पुन्हा पुन्हा विचारलं. लागतच नव्हता का? तो म्हणाला, “न्हाई बाई. फुकाट समदी धावली.” मला चूल पेटवायची होती, काडी पेटेना. पाच वर्षं तू माझ्याकडे आला नाहीस, पोरीचा मामा लग्नाला आला नाही, आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो कागद मागायचा कुणाला अधिकारच नव्हता.

आता पंचाईत ऐक. जुन्या सगळ्या प्रकरणांची पुन्हा चौकशी आहे. ज्या बहिणी मयत दाखवल्या त्याही बोलावल्या आहेत. मी गेले तर जिवंत दिसणार. मग तुझं काय? जमीन काढून घेतील? खटला भरतील? शिपाई म्हणतो, काही करणार नाहीत, पण शिपायाच्या शब्दावर मी माझा भाऊ कसा टांगू?

दोन दिवस विचार करून मी एक ठरवलं आहे. मी जाते आणि सांगते की साळूबाई वारली, मी तिची जाऊ. दाजी म्हणाले, वेडी आहेस का? मी म्हटलं, नवीन काय सांगते आहे, कचेरीला ते आधीपासून ठाऊक आहे. त्यावर दाजी पहिल्यांदाच हसले, इतक्या दिवसांत.

पण एक गोष्ट मला उमगत नाही. नोटिशीवर लिहिलं आहे, साळूबाई, राहणार हिर्डोशी, तालुका भोर. मेलेल्या बाईच्या नावानं नोटीस आली कशी? आणि मेलेल्या बाईचं गाव त्यांना कुणी सांगितलं?

लवकर कळव.

आक्का

हिर्डोशी
फेब्रुवारी १९७४

माझ्या ज्ञानू,

वेल्ह्याला जाऊन आले. आता सगळं सांगते. मध्ये थांबले तर लिहून होणार नाही.

कचेरीच्या आवारात गर्दी होती. आंबेघोळचे सगळे आले होते, दौंडाकडून ट्रक करून. मेलेल्या बहिणी एका बाजूला बसल्या होत्या, नवी लुगडी नेसून. सगुणा होती. रखमाजी आला आणि सगळ्यांसमोर तिच्या पायांवर पडला. ती आधी पाय मागं घेत होती, मग तिनंच त्याला उठवलं आणि दोघंही हमसाहमशी रडले. मी इकडंतिकडं तुलाच शोधत होते. मनात म्हणत होते, हाही असाच पाया पडेल, आणि मी त्याच्या पाठीत एक धपाटा घालीन.

रखमाजीला विचारलं, ज्ञानू कुठं आहे? तो माझ्याकडे बघेना. पिशवीतून त्यानं एक पुडकं काढलं. माझी पत्रं. सगळी, पहिल्यापासून, चिकटवलेली तशीच. पत्रिकासुद्धा. परत धाडायला तोंड नव्हतं म्हणाला.

तो म्हणाला, “आक्का, त्यो आमच्याबरूबर आलाच न्हाई. त्येला जमीन मिळालीच न्हाई.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग त्यानं तिथंच धुळीत बसून सांगितलं. तू सांगितलं नाहीस ते सगळं त्यानं सांगितलं.

“त्या दिशी आमी वळीनं बसलो व्हतो चावडीत. नाव निघालं का म्हनायचं, भन मयत. म्या म्हनलो. गेनू म्हनला. ज्ञानूची पाळी आली. त्यो म्हनला, एक भन हाय. साळू. हिर्डोशीला दिलीया. तलाठी म्हनला, आरं, मयत म्हन, मोकळा हो. त्यो म्हनला, आक्का हाय. मग तलाठ्यानं कागद काडला, म्हनला, मग ह्येच्यावर तिची सही आन. ज्ञानूनं म्हनलं, वाचा. त्येनं वाचला. यापुढं माज्या माहेरच्या घराशी आनि इस्टेटीशी काय बी संबंद ऱ्हायला न्हाई. ज्ञानू म्हनला, इस्टेटीचं ऱ्हाऊ द्या, घराचं काडा. तलाठी म्हनला, छापील हाय, काडता येत न्हाई. मग त्यो उठला. म्हनला, हे म्या तिच्याम्होरं कोन्त्या तोंडानं न्हेऊ? तिनं मला काखंत वाढिवलाय.”

आणि तू उठून गेलास.

अरे वेड्या. छापील कागद होता तो. खोऱ्यातल्या, जिल्ह्यातल्या, सगळ्या बहिणींना तोच. कुणी वाचत नाही, कुणी मनावर घेत नाही. मी हसत सही केली असती आणि वर म्हटलं असतं, आता संबंध नाही ना, मग जेवायला वाढत नाही तुला. एवढ्या चार शब्दांसाठी तू जमीन सोडलीस? घर पाण्यात गेलं, जमीन गेली, आणि तू मला सांगायलासुद्धा आला नाहीस. आलास असतास तर मी तुला हाताला धरून कचेरीत नेलं असतं, हे तुला माहीत होतं. म्हणूनच आला नाहीस. आणि नंतर जमीन घ्यायची मुदत संपली, तेव्हा बहिणीला न्यायला घर नाही, ओवाळणीत टाकायला काही नाही, म्हणून आला नाहीस. हे रखमाजीनं सांगितलं नाही. हे मला कळतं. तुझं पोटातलं मला आधीपासून कळतं.

आणि मी इथं बसून तुला उसाला पाणी द्यायला लावत होते.

मग माझ्या नावाचा पुकारा झाला. जाऊ बनायचं आता कारण उरलं नव्हतं, साळूबाई म्हणूनच आत गेले. कारकून तरुण होता, वागायला चांगला. मला खुर्ची दिली. म्हणाला, नोटीस घेऊन आमचा माणूस तुमच्या भावाला शोधत होता, शोधत शोधत किकवीपर्यंत गेला. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? मी म्हटलं, काय? त्यानं पेन खाली ठेवला. म्हणाला, ज्ञानू तिथं सातारा रस्त्यावर खडीच्या कामाला होते, चार-पाच वर्षं. गेल्या वैशाखात तापानं गेले. दुष्काळात कुणाकडे कोण बघत होतं. बरोबरच्या माणसांनीच सगळं केलं.

किकवी. माझी पारू जिथं नांदते ते किकवी.

ज्ञानू, पाठ करून बसला होतास, तो तूच होतास का? मी दोन मुठी द्या म्हटलं तेव्हा माझा आवाज तुला ऐकू आला असेल. लेकीच्या लग्नाची आहे म्हटलं, तेव्हा तुला कळलं असेल कुणाच्या लेकीच्या. फडकं बांधलेलं होतं तोंडाला. तुला वळता आलं नाही का रे? की वळलास आणि तोवर माझी एसटी निघाली? हे मला आता कोण सांगणार. त्या माणसांना विचारायला किकवीला गेले, तर ती टोळी कधीच पुढच्या कामावर गेलेली. ओढ्याकाठची जागा पारूच्या सासऱ्यांनी दाखवली. तिथं काही नाही. गवत आहे.

कचेरीतलं राहिलं. ते सांगते.

कारकून म्हणाला, तुमच्या भावाला केवळ त्या कागदापायी जमीन नाकारली होती. कोर्टाच्या निकालानं ती आता द्यावी लागेल. त्यांना बायको-मुलं नाहीत, म्हणजे वारस तुम्ही. जमीन तुमच्या नावावर होईल. मी म्हटलं, कागद काय लागतील? तो जरा खुशीतच म्हणाला, “काही नाही बाई. आता तोंडी जबाब पुरतो. कोर्टाचा हुकूम आहे. तुम्ही फक्त म्हणा, भाऊ मयत, मागं वारस मी एकटी. मी लिहून घेतो.”

दाजी खिडकीशी उभे होते. रखमाजी, सगुणा, सगळे दारात. कारकून पेन धरून बसला होता.

मी तोंड उघडलं. शब्द कोणता म्हणायचा ते मला ठाऊक होतं. त्याच शब्दावर खोऱ्यातल्या सगळ्यांनी जमिनी घेतल्या होत्या, जिवंत माणसांना मयत म्हणून. माझा तर खराही होता. खोटं नव्हतं, चोरी नव्हती, कोर्टानं दिलेलं होतं. आणि तू तिथं, त्याच ओळीत बसलेला मला दिसत होतास. तुझी पाळी आली आहे, तलाठी म्हणतो आहे, म्हण आणि मोकळा हो.

मी म्हटलं, “एक भाऊ हाय. ज्ञानू.”

कारकुनाला वाटलं मला समजलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. मी पुन्हा तेच म्हटलं. तो म्हणाला, बाई, असं लिहिलं तर जमीन मिळणार नाही, जिवंत माणसानं स्वतः यावं लागतं. मी म्हटलं, मग येऊ द्या त्याला. त्यानं दाजींकडे बघितलं. मला वाटलं दाजी आत येतील, सांगतील, हिचं ऐकू नका. ते खिडकीपासून बाजूला झाले, एवढंच.

मी अक्षर ओळखते म्हणून कारकुनानं जबाब माझ्यासमोर धरला. वाचला. बरोबर लिहिला होता. त्याखाली सही केली. साळूबाई, राहणार हिर्डोशी. तू सांगितलेलाच पत्ता.

परतीच्या एसटीत दाजी माझ्याशेजारी बसले. भोर गेल्यावर गार वारा सुटला, तेव्हा त्यांनी स्वतःचं कांबळं काढून माझ्या अंगावर टाकलं आणि म्हणाले, “भाऊबीजंला पाट मांडत जा. उचलून ठेवू नगंस.” जमिनीचं पुन्हा कुणी काढलेलं नाही. सासूबाईंनीसुद्धा नाही.

मला वेड लागलं असं गावाला वाटतं. लागलं असेल. ती जमीन घेतली असती तर पारूला झाली असती, हे मला कळत नाही असं नाही. रात्रंदिवस रडते आहे आणि भातही कांडते आहे, दोन्ही चाललं आहे. तुझा राग येतो. इतका राग येतो की तू समोर असतास तर मारलं असतं. एका शब्दासाठी स्वतःला असं रस्त्यावर टाकायचं असतं का रे? आणि लगेच वाटतं, तू तो शब्द म्हणाला असतास तर आज मी कुठं असते.

हे पत्र कुणाच्या नावावर टाकू? रखमाजीकडे टाकण्यात आता अर्थ नाही. लिहून झालं की त्या पुडक्यातच ठेवीन. पहिलं पत्र तू वाचलं नाहीस, यातच बरं झालं. मेलेल्या आक्काचा आशीर्वाद म्हणून लिहिलं होतं मी. तुला केवढं लागलं असतं.

दिवाळीला अजून पुष्कळ अवकाश आहे. सगुणाला आता भाऊ मिळाला, ती यंदा त्याला ओवाळेल. मीही पाट मांडीन, रांगोळी काढीन, करंज्या करीन. दिवेलागणीला चंद्रकोर दिसली की आळीतल्या बायका म्हणतील, साळूबाई, आता तरी चंद्राला ओवाळ.

ओवाळणार नाही. ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात.

तुझी
साळूआक्का